रक्त कमी, तरी मेंदूत गुठळी

नमस्कार, श्रोतेहो.

हिमोग्लोबिन 7 वर आलेल्या तरुण बाईच्या मेंदूत रक्ताची गुठळी होऊ शकते, हे ऐकून बरेच जण चक्रावतात. अंगात रक्तच कमी, मग ते गोठेल कसं, असा सरळ हिशेब असतो. पण गुठळी बांधण्याचं मुख्य काम प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या अगदी बारीक पेशी, आणि रक्तातली काही प्रथिनं करतात. लोह कमी पडलं की लाल पेशी पुरेशा बनत नाहीत, प्लेटलेट मात्र कित्येकदा वाढतात. एरवी त्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख असतात, त्या पाच-सहा लाखांवर जातात. शिवाय लोहाअभावी बनलेल्या लाल पेशी लहान आणि ताठर असतात, बारीक रक्तवाहिन्यांतून सहज सरकत नाहीत. ऑक्सिजन आधीच बेताचा, त्यामुळे थोडाही अडथळा मेंदूला जड जातो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजे अ‍ॅनिमिया आढळला. यातल्या फार थोड्यांना पक्षाघात होतो. पण अ‍ॅनिमियाला दुसऱ्या कारणाची जोड मिळाली की धोका वाढतो, आणि ती जोड बहुतेक वेळा टाळता येते.

पहिली जोड बाळंतपणाची. बाळंतपणात रक्तस्राव आवरावा म्हणून त्या काळात रक्त लवकर गोठतं, आणि हा परिणाम पुढे सहा आठवडे तरी राहतो. त्यात गरोदरपणापासूनचा अ‍ॅनिमिया, आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायची आपल्याकडची जुनी पद्धत. पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल, म्हणून पाणी तोडतात. हे थांबलंच पाहिजे. पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं. अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, ताक, पेज असं पोटात जायला हवं.

दुसरी जोड गोळ्यांची. गणपती आले, घरात लग्न निघालं, की पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून थेट आणली जाते. हिमोग्लोबिन कमी असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, घरात कुणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नका. इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनाही हेच लागू.

अशा वेळी गुठळी पुष्कळदा मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये होते. रक्त तुंबतं, मेंदूवर दाब वाढतो. सुरुवात डोकेदुखीने होते, आणि ती अशक्तपणावर ढकलली जाते. ही डोकेदुखी ओळखता येते. ती दिवसेंदिवस वाढत जाते, आडवं झाल्यावर, खोकल्यावर, पहाटे जास्त होते. सोबत उलट्या, धूसर किंवा दोन-दोन दिसणं. मग अचानक फिट येते किंवा एक हात-पाय लुळा पडतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये ही गुठळी सुटू शकते. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला आणि डोकं दुखतच राहिलं, तर शिरांचा स्कॅन, म्हणजे व्हेनोग्राम, करायचा का हे स्पष्ट विचारा. उपचार हेपरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा. शीर तुंबल्यामुळे मेंदूत थोडा रक्तस्राव झाला असला, तरीही बहुतेक वेळा हेपरिनच देतात, कारण मूळ दुखणं गुठळीचं असतं. नातेवाइकांनी त्याला घाबरून नकार देऊ नये.

तोंड एकाएकी वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर 108 ला फोन करा आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी होता ती वेळ सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तोंडातून पाणी, अ‍ॅस्पिरिन, काहीही देऊ नका. स्कॅनआधी हा पक्षाघात रक्तस्रावाचा आहे की गुठळीचा, हे बाहेरून कळत नाही.

आता अ‍ॅनिमियाकडे. लोहाची गोळी सुरू करण्याआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घ्या. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, 80 च्या खाली आणि फेरिटिन कमी, तर लोहाची कमतरता. एमसीव्ही 100 च्या वर असेल तर बी-12 जीवनसत्त्व पाहा. ते कमी असलं की रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढतं, आणि त्याचाही गुठळ्यांशी संबंध आहे. विदर्भ, नंदुरबार, धुळे इथल्या घरांत सिकलसेलची, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी हवीच. त्या आजारात पक्षाघात लहानपणीच होऊ शकतो, म्हणून 2 ते 16 वर्षांच्या मुलांची दरवर्षी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी करतात.

लोहाची गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियम एकदमच गिळलं जातं आणि लोह वाया जातं. शौच काळं होतं, ते अपेक्षितच आहे. पोट बिघडत असेल तर गोळी बंद न करता दिवसाआड घ्यायची का, ते विचारा. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने वाढायला हवं. ते नॉर्मल झाल्यावरही गोळी तीन महिने चालू ठेवावी लागते, कारण लोहाचा साठा नंतर भरतो. नेमकी इथेच बहुतेक जण सोडतात.

महिन्यानंतरही आकडा हलला नाही, तर रक्त कुठून तरी जात असू शकतं. पाळी सात दिवसांहून जास्त चालते का, तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागतो का, हे डॉक्टरांना न लाजता सांगा. आणि पुरुषाचं हिमोग्लोबिन 13 च्या खाली असेल, तर मूळव्याध, जंत, पोटातला व्रण, आतडं, सगळं तपासून घ्या. नुसत्या टॉनिकवर भागवू नका.

नमस्कार.