सहलीचे पैसे कोणी भरले?

नमस्कार मंडळी.

आपल्या परदेशातल्या मंडळाच्या कार्यकारिणीने मला विषय दिला होता 'पालकत्व'. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या पातेल्याला माझा डाव पुरायचा नाही. मी आपली एका फोनबद्दल बोलते. वीस मिनिटं दिली आहेत, पण मी जन्मभर गणिताचे तास घेतले आहेत. घंटा झाल्याशिवाय मी थांबत नाही, तेव्हा घंटा जवळ ठेवा.

काही महिन्यांपूर्वी एका आईचा फोन आला. (त्या या सभागृहात नाहीत. माना वळवू नका.) मुलगी सोळा वर्षांची, हायस्कुलात. वर्गातल्या एका मुलाशी तिचं जमलं आहे. "मुलगा चांगला आहे हो ताई," त्या म्हणाल्या, "पण..."

त्या 'पण'च्या पुढची वाक्यं मला पाठ आहेत. अभ्यासावर परिणाम होईल, त्यांच्या घरचं वातावरण वेगळं आहे, त्याचं पुढचं काही ठरलेलं नाही. मी नुसती 'हं, हं' करत राहिले. पंधरा मिनिटांनी खरी गोष्ट बाहेर आली. मुलाची आई इस्पितळात रात्रपाळीला सफाईचं काम करते. घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. मुलगा शनिवार-रविवारी दुकानात काम करतो. संपूर्ण फोनमध्ये त्या बाईंनी 'गरीब' हा शब्द एकदाही उच्चारला नाही. आपण सगळे सुशिक्षित आहोत ना, आपण तो शब्द उच्चारतच नाही. आपण 'बॅकग्राउंड' म्हणतो.

फोन ठेवल्यावर मला हसू आलं, कारण मी स्वतः त्या 'बॅकग्राउंड'मधून आले आहे. आणि मला वाटतं, इथे बसलेल्यांपैकी बरेच जण तिथूनच आले असतील. एका पिढीत आपली पायरी बदलली. आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, आपण परदेशी आलो, घर झालं, मुलांना स्वतंत्र खोल्या झाल्या. आणि आता कुणाचा तरी मुलगा दारात उभा आहे आणि आपण आतून दाराच्या भोकातून त्याच्याकडे बघतो आहोत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी भोकाच्या त्या बाजूला कोण होतं, हे आपल्याला आठवत नाही. किंवा फार चांगलं आठवतं, म्हणूनच दार उघडवत नाही.

माझंच सांगते. मी पंधरा वर्षांची होते. आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्याच्या घरची गाडी शाळेत न्यायला यायची. पाऊस असला की तो मला म्हणायचा, चल, सोडतो. मी बसायचे. पण आमच्या घराच्या दोन वळणं अलीकडेच म्हणायचे, "इथेच थांबवा, जवळच आहे." आणि त्या पावसात भिजत उरलेली दोन वळणं चालत जायचे. दोन वर्षं. मला कुणी मनाई केली नव्हती. त्याच्या आईने मला कधी हिणवलं नाही, माझ्या वडिलांनी कधी डोळे वटारले नाहीत, कारण दोन्ही घरांना काही माहीतच नव्हतं. आडवं आलं ते आमच्या घराचं दार. ते त्याला दिसू नये एवढ्यासाठी मी ते प्रकरण वाढूच दिलं नाही. आता तुम्ही म्हणाल, त्याला प्रकरण म्हणायचं का? पंधराव्या वर्षी म्हणायचं.

सांगायचं हे, की श्रीमंत-गरीब प्रेमाची जी गोष्ट आपल्या डोक्यात असते, तिच्यात एक कडक बाप असतो, एक धमकी असते, एक पळून जाणं असतं. शाळेत मी जे पाहिलं त्यात यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. तिथे अंतर फार सभ्य रूपात येतं. वेळेच्या रूपात, उदाहरणार्थ. एकाची संध्याकाळ मोकळी असते, दुसऱ्याला धाकट्या भावाला सांभाळायचं असतं, नाहीतर कामावर जायचं असतं. "तू माझ्यासाठी वेळच काढत नाहीस" हे भांडण मी मधल्या सुट्टीत इतक्या वेळा कानांवर घेतलं आहे! त्यातली निम्मी भांडणं मला तरी हिशेबाची वाटली. वेळ काढायला लागतो तो पैसा, आणि तो एकाकडे आहे, एकाकडे नाही. पण सोळाव्या वर्षी "मला परवडत नाही" म्हणण्यापेक्षा "मला आवडत नाही" म्हणणं सोपं जातं. सिनेमा आवडत नाही, गर्दी आवडत नाही, वाढदिवस साजरे करणं आवडत नाही. मुलीला वाटतं, हा घुम्या आहे. तो घुम्या नसतो, त्याने मनातल्या मनात बेरीज केलेली असते.

एक जोडी सांगते. बारीकसारीक तपशील बदलले आहेत, नावं सांगणार नाही. दोघं शाळेच्या वाद्यवृंदात होती. ती सधन घरातली, तो नाही. वर्षभर छान चाललं होतं, कारण सरावाच्या खोलीत दोघांची वाद्यं शाळेचीच होती. मग वाद्यवृंदाची तीन दिवसांची सहल ठरली. तो म्हणाला, मला असल्या सहली आवडत नाहीत. ती रुसली. माझ्या ध्यानात आलं. शाळेकडे अशा मुलांसाठी मदतनिधी असतो, त्याचा अर्ज मी तास संपल्यावर त्याच्या हातात ठेवला. खालच्या आवाजात, पाठीवर हात ठेवून, अगदी प्रेमाने. फक्त एक गोष्ट मी पाहिली नाही. ती दारात त्याची वाट बघत उभी होती.

त्याने अर्जाची चौकोनी घडी केली, "थँक यू मॅडम" म्हणाला, आणि चार दिवस माझ्या तासाला आला नाही.

पुढे तिने आणखी मोठी चूक केली, माझ्याच चुकीवरून. घरी सांगून तिने त्याचे सहलीचे पैसे परस्पर भरले. कार्यालयाबाहेर लावलेल्या यादीत स्वतःचं नाव वाचून त्याला ते कळलं. त्याच दिवशी सगळं संपलं. ती माझ्यासमोर रडली, "मी तर मदतच केली ना?" केली होतीच. बऱ्याच महिन्यांनी तो आपण होऊन बोलला. म्हणाला, "मॅडम, तिने पैसे भरले याचा राग नाही आला. ते भरताना तिला काहीच वाटलं नाही, याचा आला."

मला हे वाक्य समजायला वेळ लागला. आमच्या घरी आई कुणाला दहा रुपये द्यायची, तेव्हाही ते मुठीत दोनदा चाचपून द्यायची. ज्याला चाचपावं लागत नाही, त्याच्याकडून घेणं अवघड असतं.

दुसऱ्या बाजूलाही दुखणं असतं, ते आपण कमी ऐकतो. सधन घरातला एक मुलगा मला म्हणाला होता, ती माझ्याबरोबर आहे की माझ्या गाडीबरोबर, हे कसं ओळखायचं? त्याला मी सांगितलं, आठवडाभर बसने ये. त्याने तेही केलं, पण बसने येण्याची हौस परवडते ती त्यालाच, हे तिने त्याला ऐकवलं. पोरगी हुशार होती.

आता थोडं अभ्यासाचं बोलते, नाहीतर शिक्षिका कसली. २००४ साली पीटर बेअरमन, जेम्स मूडी आणि कॅथरीन स्टोव्हेल या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका हायस्कुलातल्या प्रेमसंबंधांचा नकाशा प्रसिद्ध केला. ८३२ विद्यार्थ्यांना दीड वर्षातल्या जोड्या विचारल्या. निघालं असं, की त्यातले २८८ जण एकाच लांबलचक साखळीत गुंफलेले होते. गंमत पुढे आहे. साखळीचा आकार पाहून त्यांनी एक नियम ओळखला. समजा, राजूचं आणि सीमाचं मोडलं. सीमा आता विजूबरोबर आहे. विजूची आधीची मैत्रीण नीता. तर राजू आणि नीता सहसा एकत्र येत नाहीत. हा नियम शाळेत कुठेही लिहिलेला नव्हता, कुठल्याही मुलाला विचारला असता तर सांगता आला नसता, पण मुलं तो पाळत होती. उष्ट्याची उष्टी सोयरीक चारचौघांत मान घालवते, एवढं त्यांना बरोबर कळत होतं.

मला हे वाचताना पायऱ्यांचाच विचार आला. आपली मुलं कुणाच्या प्रेमात पडायचं ते स्वतः ठरवतात, असं त्यांना वाटतं आणि आपल्यालाही. पण कुणाच्या शेजारी बसायला मिळतं, हे त्यांच्याआधी दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. २०२२ मध्ये हार्वर्डचे राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक मोठं काम छापलं. प्रेमाचं नाही, मैत्रीचं. अमेरिकेतल्या सात कोटींहून अधिक फेसबुक वापरणाऱ्यांच्या सुमारे २,१०० कोटी मैत्र्या त्यांनी तपासल्या. गरीब घरातल्या मुलांच्या आसपास सधन मुलांइतकेच सधन मित्र असते, तर मोठेपणी त्यांचं उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी वाढलं असतं, असा त्यांचा अंदाज आहे. मला जास्त महत्त्वाचा वाटला तो दुसरा निष्कर्ष. दोन थरांत मैत्री होत नाही, याचं साधारण निम्मं कारण हे, की ते एकमेकांना भेटतच नाहीत. उरलेलं निम्मं कारण, एका छपराखाली असूनही ते एकमेकांशी मैत्री करत नाहीत. आणि मोठ्या शाळांत हे दुसरं कारण जास्त जोरात असतं.

मला त्याचं नवल वाटलं नाही. मोठ्या शाळेत प्रगत गणिताचा वर्ग वेगळा, साध्या गणिताचा वेगळा. जेवायच्या टेबलांची वाटणी त्यावरूनच होते. दोन्ही वर्ग मी शिकवले आहेत. कागदावर ती गुणांची वाटणी असते, पण मागे कोणाला शिकवणी होती आणि कोणाला नव्हती, ते हजेरीपटावरून वाचता येतं. खेळाचा संघ, नाटकाची मागची बाजू, वाद्यवृंद, एवढ्याच काय त्या जागा जिथे दोन्ही बाजूंची मुलं एका कामाला जुंपलेली असतात. प्रेमात पडायला नाटकाच्या मागे एकत्र खिळे ठोकण्यासारखी जागा नाही.

आता त्या आईंच्या मनातला प्रश्न. विरोध करावा का? आपल्याकडे ठाम समजूत आहे, विरोध केला की प्रेम आणखी पेटतं. १९७२ साली ड्रिस्कॉल, डेव्हिस आणि लिपेट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १४० जोडप्यांच्या अभ्यासातून असंच सांगितलं होतं, आणि ते सगळीकडे इतकं पसरलं की वेदवाक्य झालं. २०१४ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी तेच मोजमाप पुन्हा करून पाहिलं. तसं काही सापडलं नाही. उलट घरच्यांची नापसंती असेल तिथे प्रेम आणि विश्वास कमीच दिसला. म्हणजे विरोधाने पेटत नाही, विझतं.

काहींचे चेहरे खुलले, दिसतंय मला! थांबा. तुमचा विरोध यशस्वी होऊ शकतो, हीच तर माझी काळजी आहे. शाळेतली बहुतेक प्रेमं तशीही मोडतात. वेगळी कॉलेजं, वेगळी गावं, वेगळं वय. मोडू द्या. पण मोडताना मूल कारण कोणतं घेऊन जातं, ते बघा. 'आमचं पटलं नाही' हे कारण दोन वर्षांत विरतं. 'माझं घर कमी पडलं' हे विरत नाही. तुमच्यासमोर उभी आहे मी, त्या दोन वळणांसकट. आणि तुमच्या मुलीच्या हातात काय राहतं? माणसं पायरी बघून निवडायची असतात, हा धडा. उद्या तिच्याहून वरच्या पायरीवरचं कुणी भेटलं, की तोच धडा तिच्यावर उलटेल.

सगळं गोड मानून घ्या असंही मी म्हणत नाही. तो तिचा फोन तपासतो का, तिच्या मैत्रिणी तोडतो का, खोटं बोलायला लावतो का, त्याच्यासमोर ती घाबरून बोलते का, हे बघाच. यातलं एक जरी असेल, तर बापाची कितीही मोठी कंपनी असो, विरोध करा. माझी तक्रार एवढीच, की बंगल्यातल्या मुलाच्या बाबतीत हे प्रश्न आपण विचारत नाही, आणि दोन खोल्यांतल्या मुलाच्या बाबतीत याची उत्तरं आधीच गृहीत धरतो.

तर त्या आईंना मी म्हटलं, त्याला घरी बोलवा. त्यांनी विचारलं, "कशाला? काय करायचं बोलवून?" मी म्हटलं, काही करू नका. वडील काय करतात ते विचारू नका, घर दाखवत फिरवू नका, जाताना हातात काही देऊ नका. तुमच्या धाकट्याला गणित अडत असेल तर त्याला समजावायला सांगा. त्यालाही या घरात काहीतरी देता येऊ दे.

"आणि त्याच्या आईला फोन करा," मी म्हटलं. "दुपारी नको, रात्रपाळी करून झोपलेल्या असतील."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "ताई, पण त्यांच्याशी मी बोलू काय?"

मी म्हटलं, "आधी तुमचं नाव सांगा. मग त्यांचं विचारा."