पाच रुपये बारा आणे

मंडळी, जेवणाची रांग लागायच्या आत आटप, असा मला हुकूम आहे. आज पुरणपोळी असल्यामुळे मलाही तीच घाई आहे.

परवा नातीला 'चलती का नाम गाडी' दाखवला. पावसाळी रात्र, बंद पडलेली मोटर, भिजलेली मधुबाला. गाडी दुरुस्त होते, बाई पैसे न देता निघून जातात आणि किशोर कुमार पाच रुपये बारा आण्यांसाठी त्यांच्या मागे लागतो. मी हसून हसून खोकायला लागलो. नातीने फोनवर हिशेब केला. म्हणाली, "आबा, हे तर सिक्स पेनीज! आणि पेनी आता बनवतच नाहीत. मग तो एवढं का करतो?"

खरंच, इथे अमेरिकेत आता बनवत नाहीत. १२ नोव्हेंबर २०२५ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनातली शेवटची पेनी पाडली. एका सेंटच्या नाण्याला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येत होता. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! आपल्या आज्यांना हे अर्थशास्त्र केव्हाच ठाऊक होतं.

मी नातीला पटवायला गेलो. सिनेमा १९५८चा, तेव्हा डॉलर पावणेपाच रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ही रक्कम सव्वा डॉलरला टेकते. "म्हणजे एक कॉफीपण नाही," ती म्हणाली. गंमत म्हणजे तेव्हा आणे कागदोपत्री निकालात निघालेच होते. १ एप्रिल १९५७पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले होते. पण 'पंचाहत्तर नवे पैसे' म्हणत कुणी नाचलं असतं, तर हसलं कोण असतं? प्रेक्षकांच्या खिशात अजून कंगोरेदार आणा आणि चौकोनी चवली, म्हणजे दोन आणे, खुळखुळत होती.

आता आपलंच बघा. सहलीहून परतलं की फोनवर चार डॉलर सतरा सेंटची मागणी येते, तीही ज्याने आईस्क्रीम खाल्लंच नाही त्याला. वर्गणीची आठवण केली की मात्र "अरे, विसरलोच!" मी स्वतः पार्किंगचे दोन डॉलर वाचवायला गाडी लांब लावतो आणि मग गुडघ्यासाठी आठ डॉलरचं मलम घेतो. किशोर कुमारचेच वारस आपण, फक्त गाता येत नाही.

तिकडे भारतात ३० जून २०११ला चार आण्याचं नाणं बंद झालं. इथे कोण हळहळलं? 'चार आण्याची अक्कल नाही' हे मात्र घरोघरी चालू आहे, मुख्यतः जावयांच्या बाबतीत.

नात अजिबात हसली नाही असं नाही. तिघा भावांच्या धांदलीला खळखळून हसली. बारा आण्यांपाशी अडली. आणे मुठीत धरून ती कधी दुकानात पळाली नाही ना! मुलांना आपण आरत्या शिकवतो, मोदक वळायला बसवतो. आपल्याबरोबर हसायला कसं शिकवायचं? विनोद समजावून सांगितला की त्याची गार भजी होतात. आणि उलट बाजूही आहेच. ती फोनमध्ये बघून फिस्सकन हसते, मी विचारतो, ती बिचारी समजावते, मी मान डोलावतो. कळलेलं काहीच नसतं.

गणपतीत मुलांचं प्रहसन बसवायचंय. विनोद आपण निवडायचे की त्यांनी, यावर कार्यकारिणीत दोन बैठका भांडून झाल्या, निकाल नाही. ज्यांना मत आहे त्यांनी जेवणानंतर थांबा. वर्गणी राहिलेल्यांनी जेवणाआधी.