पेपर चिकटवलेली भिंत

(दृश्य: नाशिकच्या गंगापूर रोडवरचा एक फ्लॅट. सोफ्यामागची रिकामी भिंत. तिच्यावर पेपरची पानं जोडून टेपने चिकटवलेली.)

गेले आठ दिवस ही भिंत अशीच आहे. येणारा-जाणारा विचारतो, रंगकाम काढलंय का? नाही. इथे एक अमूर्त चित्र लागायचंय, आणि हा त्याच्या मापाचा कागद आहे. सोफा सहा फुटी, म्हणून कागद चार फुटी. एवढ्या सोफ्यावर दीड फुटाचं चित्र पाकिटावरच्या तिकिटासारखं दिसलं असतं.

पहिल्या दिवशी कागद आणखी हातभर वर होता. आजोबांनी तसा लावून घेतला होता. त्यांचं बालपण सराफ बाजाराजवळच्या वाड्यात गेलं. तिथे तसबिरी तुळईखाली, पुढे कलत्या टांगलेल्या. देव आणि पूर्वज. मान वर करूनच बघायचे, हार घालायला स्टूल घ्यायचं. वाडा गेला, ती उंची मात्र फ्लॅटमध्ये आली. पण या चित्राला नमस्कार करायचा नाही, नुसतं बघायचंय. म्हणून कागद खाली आला: मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटरवर, खालची कड सोफ्याच्या पाठीपासून जेमतेम वीतभर वर.

(दृश्य: फ्रिजवर चुंबकाने लावलेले तीन छोटे प्रिंट.)

चित्र कोणतं? दुकानात पहिला प्रश्न येतो, पडदे कोणत्या रंगाचे? पडदे चार वर्षांत बदलतात हो. या घराने तीन चित्रं छोट्या कागदावर छापून फ्रिजवर लावली. दूध काढताना, भाजी ठेवताना नजर पडत राहिली. एक चौथ्या दिवशी कंटाळवाणं झालं, दुसरं आठवड्याने. उरलं ते ठरलं.

मुलीला खरं तर चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं चित्र हवं होतं. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हणणंही त्यांना पटत नसे. रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवायच्या बोथट सुरीने) ते रंग चढवत, खरवडत, पुन्हा चढवत, आणि कॅनव्हासच्या आतून उजेड आल्यासारखा वाटे. प्रिंटमध्ये नेमका तोच मार खातो. थरांचा फोटो सपाटच. शिवाय आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात, आणि गायतोंडे गेले २००१ मध्ये. इंटरनेटवरून फाइल उतरवून छापणं म्हणजे चोरीच.

म्हणून घेतलं ते सेरिग्राफ. जाळीच्या पडद्यातून एकेक रंग दाबून कागदावर उतरवलेलं, म्हणजे छापण्यासाठीच जन्मलेलं चित्र. डिजिटल प्रिंट घेणाऱ्याने फाइल आधी तपासावी: चार फुटांसाठी इंचाला १५० ठिपके धरले तरी लांबीला ७,२०० पिक्सेल हवेत. आणि शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची आहे ना, हे विचारावं. विरघळलेल्या रंगाची साधी डाय शाई उजेडात लवकर उडते.

(दृश्य: भिंतीवर पेन्सिलची एक तिरकी रेघ.)

उजेडाचं म्हणाल तर ही रेघ बघा. खिडकी नैर्ऋत्येला. मे महिन्यात सूर्य वायव्येकडे मावळतो, ऊन फारसं आत येत नाही. डिसेंबरात तो खाली उतरतो आणि ऊन सोफ्यापर्यंत पोचतं. गेल्या थंडीत ते जिथवर आलं, तिथे ही रेघ. चित्र रेघेच्या पलीकडे.

आणि पाऊस! बाहेरच्या भिंतीला ओल धरते, मग फ्रेमच्या मागे बुरशी. फ्रेमवाल्याने चारही कोपऱ्यांना मागून रबराची बटणं लावली, हवा खेळायला. काच चित्राला टेकू नये म्हणून मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, तीही आम्लरहित. साधा पुठ्ठा काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदालाही पिवळं करतो.

(दृश्य: सोफ्यावर टेकवलेली फ्रेम.)

वरची बाजू कोणती, हे पाठीमागे बाण काढून ठेवलंय. हसू नका. डच अमूर्त चित्रकार पीट मोंद्रियान यांचं १९४१ चं, रंगीत चिकटपट्ट्यांचं एक काम जर्मनीतल्या डसेलडॉर्फच्या संग्रहालयात अनेक वर्षं उलटं टांगलेलं असावं, असं तिथल्या क्युरेटरने २०२२ मध्ये सांगितलं. सुलटं करायला गेलं तर पट्ट्या सुटतील, म्हणून ते तसंच राहिलं.

पेपर निघाला. खुणा झाल्या. भिंत हलक्या ब्लॉकची, म्हणून स्क्रू धरून ठेवणारे लांब फिशर आणलेत. ड्रिलची वायर बोर्डापर्यंत पुरतेय.

दोन वाजून पाच मिनिटं झालीत. सोसायटीत दोन ते चार ड्रिलला बंदी. तोवर चित्र सोफ्यावर, आणि आजोबा खुर्चीत, त्याच्यासमोर.