मोहोरलेल्या चेरीवरचे ब्लू जे

एप्रिल महिना. न्यू जर्सीतलं नेवार्क. ब्रँच ब्रूक पार्कमध्ये चेरी फुलल्यात. 1927 साली कॅरोलिन बॅम्बर्गर फुल्ड यांनी इथे सुमारे 2000 झाडं दिली. आज ती 5000च्या वर आहेत. खाली फोटो काढणाऱ्यांची गर्दी आहे. आपण वरच्या फांद्यांकडे बघू.

डोक्यावर निळा तुरा, गळ्याभोवती काळा पट्टा, शेपटीवर काळ्या आडव्या रेघा. हे ब्लू जे पक्षी. सगळ्यात पुढे आहे ती मादी. ती उडाली की मागचे सगळे उडतात, ती टेकली की सगळे टेकतात. मग तुरे ताठ करून, माना खालीवर करत ओरडा सुरू. एकेक नर गळत जातो, शेवटी एक उरतो. बघा, तो तिला घास भरवतोय.

आता हा पंख अगदी जवळून बघा. यात निळा रंगच नाही! पिसात आहे ते मेलॅनिन नावाचं तपकिरी रंगद्रव्य. त्यावरच्या केराटिनमध्ये, म्हणजे पीस ज्याचं बनतं त्या प्रथिनात, हवेचे अतिसूक्ष्म कप्पे असतात. उजेड त्यांच्यावर पडून विखुरतो आणि त्यातला निळा तेवढा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. गळून पडलेलं पीस चुरडलं, की निळाई गेली.

घरट्याचं काम लागलंय. खाली काटक्यांचा सडा पडलाय, पण याला झाडावरची ओली काटकीच हवी. वाकवतो, पिळतो, पाय रोवून ओढतो... तुटली! आत अस्तराला बारीक मुळं लागतील, ती वेगळीच.

आणि बुंध्याशी हा कोंब बघा. चेरीचा नाही, ओकचा आहे. शरदात एकेक जे हजारो एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, जमिनीत पुरतो. गळ्याच्या पिशवीत दोन-तीन, तोंडात एक, चोचीच्या टोकाला आणखी एक, अशी एका खेपेची वाहतूक. जी खायची राहतात ती रुजतात. हिमयुग ओसरल्यावर ओकची जंगलं उत्तरेकडे एवढ्या वेगाने सरकली, त्याचं मोठं श्रेय संशोधक याच पक्ष्याला देतात. ओक लावणारा असा गडी आपल्या अंगणात फुकट राबतोय, आणि आपण त्याला नुसता भांडखोर म्हणतो.

काचांवर आपटून, मांजरांच्या तोंडी जाऊन दरवर्षी कितीतरी पक्षी मरतात. छाटणीत घरटीही जातात.

अंडी उबायला साधारण 17-18 दिवस, पिल्लं उडायला आणखी तीनेक आठवडे. अंगणातल्या झाडावर करवत चालवायची असेल, तर तेवढे दिवस थांबा.