कोटेशनवरची तीन अक्षरं

मंडळी, विषय दिलाय ‘टॅरिफच्या काळात तंत्रज्ञान उद्योगांनी काय करावं’. त्याकडे येतोच. पण आधी कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात जे छापलेलं असतं त्याबद्दल बोलू द्या. आपल्या बेळगावात उद्यमबागेपासून होनग्यापर्यंतच्या कारखान्यांत भावासाठी पैशापैशाची घासाघीस होते, आणि ही ओळ मात्र जुन्या कोटेशनवरून कॉपी होत पुढे येत राहते. याचा मला मनापासून राग आहे.

ती ओळ म्हणजे डीडीपी. माल अमेरिकेतल्या पार्टीच्या दारात पोचवायचा आणि तिथली ड्युटीही आपणच भरायची. ड्युटी दोन-तीन टक्के असते तेव्हा हे खपून जातं. आता 2025 चा हिशेब मांडू. हायड्रॉलिक पॉवर पॅकचा कंट्रोलर घ्या, माल 1000 डॉलरचा. मूळ ड्युटी बाजूला ठेवा. जूनमध्ये भारतीय मालावर अमेरिकेचं वाढीव टॅरिफ 10 टक्के होतं, म्हणून कोटेशनमध्ये 100 डॉलर धरले. सर्किट बोर्ड यायला, जोडणीला, टेस्टिंगला वेळ गेला आणि माल सप्टेंबरमध्ये न्हावाशेवाहून निघाला. तोवर 7 ऑगस्टला दर 25 टक्के झाला होता, 27 ऑगस्टला त्यावर आणखी 25. म्हणजे भरायचे 500. वरचे 400 कुणी द्यायचे? डीडीपी लिहिलंय, म्हणजे आपण. हजाराच्या मालावर चारशेचा फटका सोसणारा कारखाना इथं कुणाचा असेल तर हात वर करा, पुढचं व्याख्यान त्यांनीच द्यावं!

तिथं एफओबी, म्हणजे आपल्या बंदरात माल जहाजावर चढवला की पुढचा खर्च पार्टीचा, असं असतं तर ड्युटी पार्टीच्या अंगावर गेली असती. पार्टी कुरकुरेल, भाव पाडून मागेल, पण निदान बोलणी होतील. मोठी पार्टी डीडीपीवर अडूनच बसली तर एक वाक्य घाला: ‘कोटेशनच्या तारखेचा ड्युटीचा दर धरला आहे, माल सोडवताना फरक पडल्यास तो खरेदीदाराकडे.’ आणि कोटेशनची मुदत 90 दिवसांवरून 15 वर आणा.

इनव्हॉइसचंही तसंच. अमेरिकेत समुद्रभाडं आणि विमा प्रत्यक्ष झालेल्या खर्चाइतका वेगळा दाखवला तर त्यावर ड्युटी लागत नाही. माल 1000, भाडं 120, आणि बिलात एकच आकडा 1120 टाकला, तर 2025 च्या त्या 50 टक्क्यांनी 60 डॉलर हकनाक गेले. माल पोचल्यानंतरचं इन्स्टॉलेशन, ट्रेनिंगही वेगळं लिहा. मात्र मालाची किंमत सर्व्हिसच्या नावाखाली सरकवू नका. ती चोरी आहे.

वर्णनात ‘मशीन पार्ट्स’ लिहून मोकळे होऊ नका. एचएस कोडचे, म्हणजे कस्टम्सच्या वर्गवारीतल्या मालाच्या क्रमांकाचे, पहिले 6 आकडे जगभर सारखे असतात, पुढे आपल्याकडे 8 होतात, अमेरिकेत 10. वर्णन मोघम असलं की तिकडचा एजंट अंदाजाने कोड टाकतो, आणि तो चुकला तर दर बदलतो. शंका असेल तर माल पाठवायच्या आधीच अमेरिकन कस्टम्सकडून लेखी निर्णय मागता येतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा उरलेलं भराभर सांगतो. चिनी कंट्रोलर आपल्या खोक्यात बसवला म्हणून तो भारतीय ठरत नाही. वस्तूचं रूप-काम बदलण्याइतकी प्रक्रिया इथं व्हावी लागते, तिचे कागद जपा. दुसरे बाजार बघा: यूएईशी भारताचा व्यापार करार 1 मे 2022 पासून, ऑस्ट्रेलियाशी 29 डिसेंबर 2022 पासून लागू आहे. सवलत मिळते ती उगम प्रमाणपत्रावर, आणि अट कोडनुसार बदलू शकते.

सॉफ्टवेअरवाल्यांनो, तुमच्या सेवेवर हे टॅरिफ नाही, पण ज्याचा कारखाना अडचणीत येतो तो आधी तुमचं काम थांबवतो. म्हणून टप्पे महिन्याचे ठेवा आणि प्रत्येक टप्प्याचा काही भाग आगाऊ घ्या. ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा पार्टीने पैसे बुडवले तर कामाला येतो, ड्युटी वाढून नफा गेला तर नाही. फॉरवर्ड कव्हर, म्हणजे डॉलरचा दर बँकेशी आधीच बांधून घेणं, तेही डॉलरच्या दरापुरतंच.

सोमवारी हातातल्या सगळ्या ऑर्डरी काढा आणि डीडीपीवाल्या बाजूला ठेवा. ज्यांचा माल अजून निघालेला नाही त्या पार्टींना ही अट बदलण्यासाठी त्याच दिवशी मेल करा.