धाव आणि बावीस सप्तमांश

[उघड्यावर गोल रचलेल्या गोवऱ्या. शेजारी लाकडी चाक.]

बैलगाडीचं चाक तयार आहे. तुंब्यात, म्हणजे मधल्या ओंडक्यात, आरे बसलेत, आऱ्यांवर लाकडी घेर जुळलाय. आता त्यावर धाव चढवायची, म्हणजे लोखंडी पट्टीचं कडं.

[खडूची खूण. चाक पट्टीवरून चालतं.]

खूण खाली ठेवून लोहार चाक पट्टीवरून चालवत नेतो. खूण पुन्हा पट्टीला टेकली, की एक फेरा झाला. तेवढाच चाकाचा परीघ. चाकाचा व्यास १२० सेंटीमीटर असेल, तर हा फेरा ३७७ सेंटीमीटरचा होतो. नुसतं तिप्पट धरून पट्टी तोडली, तर ती १७ सेंटीमीटर तोकडी पडेल. तिपटीच्या वरचं हे जे थोडंसं आहे, ते नेमकं किती? माणसानं हजारो वर्षं हाच प्रश्न विचारला. चाक लहान असो की मोठं, परिघाला व्यासानं भागलं की उत्तर एकच: ३.१४१५९… म्हणजे ‘पाय’ (π).

[लीलावतीची पोथी. बोट ओळीवर सरकतं.]

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ लिहिला. त्यात हा श्लोक आहे:

व्यासे भनन्दाग्निहते विभक्ते खबाणसूर्यैः परिधिः सुसूक्ष्मः।
द्वाविंशतिघ्ने विहृतेऽथ शैलैः स्थूलोऽथवा स्याद् व्यवहारयोग्यः॥

इथे आकडे शब्दांत सांगितलेत. भ म्हणजे नक्षत्रं, २७. नंद ९. अग्नी ३. उजवीकडून वाचा: ३९२७. ख म्हणजे शून्य, बाण ५, सूर्य १२: १२५०. व्यासाला ३९२७ नं गुणा, १२५० नं भागा, सूक्ष्म परीघ मिळतो. किंवा २२ नं गुणा, ७ नं भागा. हा स्थूल, पण व्यवहाराला योग्य.

व्यवहारयोग्य हा शब्द आमच्या मनातून जात नाही. आपल्या चाकाला २२/७ लावून पाहिलं. पावणेचार मीटर पट्टीत चूक किती? जेमतेम दीड मिलिमीटर.

[नांदगावचा किनारा. भरतीचं पाणी.]

हे आकडे आले कुठून? ३९२७ भागिले १२५० म्हणजे ३.१४१६. ही किंमत आर्यभटानं ४९९ मध्येच दिली होती आणि तिला ‘आसन्न’, म्हणजे जवळची, म्हटलं होतं. पण ती काढायची कशी, हे कोकणातल्या या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवरच्या टीकेत, म्हणजे ती समजावणाऱ्या ग्रंथात, उलगडून सांगितलं. १०० व्यासाचं वर्तुळ घ्या. आत बारा बाजूंची आकृती काढा. मग बाजू दुप्पट करत न्या: २४, ४८, ९६, १९२, ३८४. बाजू इतक्या बारीक होतात, की आकृती वर्तुळाला जवळजवळ चिकटते, आणि बाजूंची बेरीज म्हणजे जवळजवळ परीघच. ग्रीक गणिती आर्किमिडीज ९६ बाजूंवर थांबला होता. केरळात माधव या गणितीनं आकृत्या सोडून अनंत श्रेणीच, म्हणजे कधी न संपणारी बेरीज, मांडली. π ही खूण खूपच नंतरची, १७०६ मधली, विल्यम जोन्स यांची.

[गोवऱ्या पेटतात. धाव लाल होते.]

आता बघा.

[निवेदन थांबते. चिमटे. धाव उचलून चाकावर. लाकडाचा धूर. पाणी.]

पट्टी मुद्दामच फेऱ्यापेक्षा किंचित आखूड तोडलेली असते. लोखंड सहाशे अंशांनी तापलं, की एवढी धाव अडीच-पावणेतीन सेंटीमीटर लांबते आणि चाकावर बसते. पाणी पडलं की आवळते. खिळा नसला, तरी सगळे सांधे कचकचून घट्ट होतात.

[रबरी टायरची गाडी रस्त्यानं जाते.]

गाड्यांना रबरी चाकं आली आणि हे काम कमी झालं. सायकलच्या मीटरमध्ये चाकाचा घेर भरताना, टाकीत पाणी किती मावेल ते काढताना गुणाकार मात्र तोच.

[पाटणादेवी. शिलालेखावर तिरपं ऊन.]

हे चाळीसगावजवळचं पाटण. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांनी इथे मठ काढला. १२०७ सालचा हा शिलालेख त्या मठाला मिळालेल्या दानाचा आहे. डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. शेवटच्या ओळी मराठीत आहेत. गावच्या घाण्यांनी मठाला पळी-पळी तेल द्यावं, असं त्यात कोरलंय. गावच्या तेलावर गणित चालत होतं!

देवीच्या दर्शनाला लोक येतातच. आलात, तर या दगडापुढेही थोडं थांबा. अक्षरं झिजत चालली आहेत.

[अक्षरांवर कॅमेरा स्थिर.]