पुढच्या दाराचं माप

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'आरआयएमसी : शंभर वर्षं आणि माजी विद्यार्थी'. आरआयएमसी म्हणजे डेहराडूनचं राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज, लष्करी अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांची पूर्वतयारीची निवासी शाळा. माजी विद्यार्थ्यांकडे येतोच, पण आधी दाराबद्दल बोलू द्या. अशी शाळा स्वतःसाठी नसतेच. पुढच्या दाराचं, म्हणजे मुलं नंतर ज्या लष्करी अकॅडमीत जायची तिचं, माप घेऊन ती बेतलेली असते, आणि दार बदललं की शाळाही उसवून पुन्हा शिवावी लागते.

१३ मार्च १९२२ रोजी डेहराडूनला इंग्लंडच्या युवराजांच्या, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सच्या, हस्ते शाळेचं उद्घाटन झालं. स्मरणिकांमधला इतिहास इथूनच सुरू होतो, फोटोसकट. माझी तक्रार नेमकी इथे आहे. फीत कापणाऱ्याला आपण संस्थापक करून टाकतो! या शाळेचा खरा संस्थापक म्हणजे सँडहर्स्टमध्ये, इंग्लंडच्या लष्करी अकॅडमीत, नापास होणारा हिंदी मुलगा.

जरा सविस्तर सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. पहिल्या महायुद्धात आपले शिपाई फ्रान्सपासून मेसोपोटेमियापर्यंत लढले. त्यानंतर हिंदी तरुणांना राजाचं कमिशन, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीचं अधिकारीपद, द्यायचं ठरलं आणि त्यासाठी सँडहर्स्टला वर्षाला १० जागा ठेवल्या. आता दहांत कोण जाणार? घराणं बघायचं, साहेबांची शिफारस बघायची, मुलाखत घ्यायची आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला बोटीवर चढवायचं. तिकडे शेजारच्या पलंगावरचा इंग्रज मुलगा सातव्या-आठव्या वर्षापासून वसतिगृहात वाढलेला. पहाटे उठणं, बूट चमकवणं, टेबलावरचे काटेचमचे, वरच्या वर्गातल्या पोरांची दादागिरी, सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं. आपला मुलगा हे सगळं एकदम शिकणार, परक्या भाषेत शिकणार आणि त्याच दिवसांत कवायत नि अभ्यासही करणार. साहजिकच गळती मोठी झाली. सरकारातल्या काहींनी लगेच निदान केलं, की या लोकांत अधिकारी होण्याची धमकच नाही. दुसऱ्यांनी म्हटलं, धमक आहे, तयारी नाही. मुलगा बारा वर्षांचा असतानाच हाताशी घ्या. त्या दुसऱ्या मताची ही शाळा. बारा वर्षं हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

जागाही मासलेवाईक निवडली. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झननं राजेरजवाड्यांच्या मुलांसाठी इंपीरियल कॅडेट कोअर काढली होती. तिचा डेहराडूनचा तळ म्हणजे राजवाडा कॅम्प. घोडे उत्तम, फेटे उत्तम, कमिशन मात्र असं बेतलेलं की गोऱ्या शिपायावर हुकूम चालू नये. ती कोअर निजली आणि तिच्याच आवारात ही शाळा उठली. नाव प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज. स्वातंत्र्यानंतर युवराज गेले आणि 'रॉयल'चं पुढे 'राष्ट्रीय' झालं. आद्याक्षर तेच! राजेशाहीतून प्रजासत्ताकात इतक्या कमी शाईत आलेली दुसरी संस्था असेल तर मला सांगा. मुलांच्या तुकड्यांना, म्हणजे सेक्शनना, आज चंद्रगुप्त, प्रताप, रणजित आणि शिवाजी अशी नावं आहेत. (टाळ्या.) टाळ्या चौथ्याच नावाला पडणार हे ठाऊक होतं, पण बाकीच्या तिघांचाही थोडा मान ठेवा.

आता दार कसं सरकलं ते पाहा. १९३२ मध्ये इंडियन मिलिटरी अकॅडमी उघडली, तीही डेहराडूनलाच. बोटीचा प्रवास संपला, म्हणजे इंग्रज मुलासारखं दिसण्याची निकडही कमी झाली. १९४९ मध्ये तिन्ही दलांचं एकत्र प्रशिक्षण सुरू झालं आणि १९५५च्या जानेवारीत खडकवासल्याची एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, रीतसर उभी राहिली. या दाराचं माप निराळं. इथे लेखी परीक्षेत गणित ३०० गुणांचं आणि सामान्य क्षमता ६०० गुणांची, त्यावर एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखत-चाचण्यांचे, ९००. साहजिकच शाळेतही वहीवरच्या गणिताला कवायतीइतकं वजन आलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं. म्हणजे माजी विद्यार्थी धावत घेतो. आपसांत ते स्वतःला रिमकोलियन म्हणवतात. थिमय्या या शाळेतून सँडहर्स्टला गेले, १९२६ मध्ये त्यांना कमिशन मिळालं. प्रेमिंद्रसिंग भगत मात्र डेहराडूनच्या अकॅडमीतून बाहेर पडले. १९४१ मध्ये अॅबिसिनियात त्यांनी सलग चार दिवस सुरुंग काढले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. बडगामला ३ नोव्हेंबर १९४७ रोजी पडलेले पहिले परमवीर मेजर सोमनाथ शर्मा इथलेच. पुढे लष्करप्रमुख बेवूर, व्ही. एन. शर्मा, पद्मनाभन, हवाई दलप्रमुख सुरी आणि धनोआ. ही यादी आपण छापतो. जी छापायला अवघडतो ती सीमेपलीकडची, पाकिस्तानातली: असगर खान, नूर खान, गुल हसन खान. १९५७ मध्ये थिमय्या भारताचे लष्करप्रमुख झाले आणि त्याच वर्षी असगर खान पाकिस्तानच्या हवाई दलाचे. शाळा एक, शेवटचं दार वेगळं. हे प्रकरण तासभराचं आहे, पण चिठ्ठी माझ्याकडे बघते आहे.

तर तो बारा वर्षांचा आकडा. आजही प्रवेश आठवीत मिळतो. १ जानेवारी किंवा १ जुलैला वय साडेअकरापेक्षा कमी नको आणि तेरा पूर्ण झालेलं नको. खिडकी दीड वर्षाची, प्रवेश वर्षातून दोनदा, म्हणजे कागदावर जेमतेम तीन संधी. आपल्याकडे पालक दहावीनंतर चौकशीला येतात, तेव्हा खिडकी बंद होऊन तीन वर्षं झालेली असतात. अशांसाठी १९७७ पासून औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे. सातारची सैनिक शाळा १९६१ची, तीही लहान वयातच घेते.

परीक्षा आपल्याकडे पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. गणित २००, इंग्रजी १२५, सामान्य ज्ञान ७५, तोंडी ५०. प्रत्येकात निम्मे गुण हवेतच. गणितात १७० मिळवणारा मुलगा इंग्रजीत ६० वर अडकला की तोंडीपर्यंतही पोहोचत नाही. गणित आणि सामान्य ज्ञान इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतं, मराठीत नाही. म्हणून मराठी शाळेतल्या मुलानं पाचवीपासून गणिताच्या संज्ञा हिंदीत किंवा इंग्रजीत घटवाव्यात. ऐन वेळी 'लसावि'चं काय करायचं, यात दीड तासाच्या पेपरातली दहा मिनिटं जातात.

आणि हो, आता नुसतं 'मुलगा' म्हणून चालणार नाही. २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. शंभर वर्षं नुसती मुलांची असलेली ही शाळा कशानं बदलली? आधी एनडीएचं दार मुलींना उघडलं, म्हणून. चिठ्ठी दुसरी आली, थांबतो. अर्जाची मुदत ज्यांना विचारायची आहे त्यांनी बाहेर भेटा. येताना मुलाची किंवा मुलीची जन्मतारीख मात्र लिहून आणा.